मिठापुरती

परवा एअरपोर्टवरून घरी येताना बस मध्येच थांबली. हाउन्सलोच्या जरा अलीकडे, बंद पडलेल्या एका गालिच्यांच्या दुकानासमोर. चार वाजून गेले होते, म्हणजे जानेवारीतल्या इंग्लंडच्या हिशेबाने दिवेलागण झाली होती. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, स्टिअरिंगमागून फॉइलची एक पुडी काढली, ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हटलं आणि एक खजूर तोंडात टाकून वर घोटभर पाणी प्यायला. झालं काय, हे बसमधल्या निम्म्या लोकांना कळलं आणि ते शांत बसले. उरलेल्या निम्म्यांना कळलं नाही आणि ते चुळबुळू लागले. माझ्यामागचे एक गृहस्थ घड्याळाकडे बघत, लोकांना घरी जायचं असतं, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत पुटपुटले. मला मात्र घरी जायची अजिबात घाई नव्हती. ती बस तशीच अंधारात तासभर उभी राहिली असती तरी माझी हरकत नव्हती.

कारण घरी खोकी आहेत. दिवाणखान्यात, जिन्याखाली, मुलीच्या पलंगाशी, जिकडे पाहावं तिकडे खोकी. ह्यांच्या मित्रांनी पुण्यात नवं हॉस्पिटल काढलंय, ह्यांना बोलावलंय, कोथरूडला फ्लॅट घेऊन झालाय, आणि आम्ही परत चाललो आहोत. कायमचे. ही बातमी हे घरी घेऊन आले तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला होता की मला त्यांची कीवच आली. एके काळी ह्याच एका वाक्यासाठी मी रडून घर डोक्यावर घेतलं होतं. आता ते वाक्य आयतं दारात आलं, आणि मी काय केलं, तर "बरं" म्हणून चहाचं आधण ठेवलं. तेव्हापासून माझा पाय घरात ठरत नाही. दिवसभर एअरपोर्टवरच्या दुकानात उभं राहायचं, जाणाऱ्या लोकांना सेंटच्या बाटल्या नि चॉकलेटं विकायची, आणि संध्याकाळी बसमध्ये बसून आपण ह्यांतले नक्की कोण, जाणारे की राहणारे, ह्याचा विचार करत खिडकीबाहेर बघायचं. असं चाललंय. त्या ड्रायव्हरने खजुराची बी कागदात गुंडाळून ठेवली, बस सुरू झाली, आणि मी मनाने जी निघाले ती थेट बर्मिंगहॅमच्या त्या गल्लीत जाऊन पोचले.

तो रमझान भर उन्हाळ्यात आला होता. आमचं नवं बिऱ्हाड होतं. ह्यांची डॉक्टरकीची नोकरी सहा-सहा महिन्यांची. एका हॉस्पिटलातून दुसऱ्या हॉस्पिटलात. त्यामुळे मी पडदेसुद्धा विकत घेत नसे, कारण पुढच्या घराच्या खिडक्या कोणत्या मापाच्या असतील कोण जाणे. भिंतीला भिंत लागलेली लाल विटांची घरं, मागे हातरुमालाएवढं अंगण, दोन अंगणांच्या मध्ये कमरेएवढं लाकडी कुंपण. ह्यांना ऑन-कॉल लागला की दोन-दोन दिवस दर्शन नाही. आणि त्या संपूर्ण गल्लीत आमचं एक घर सोडलं तर सगळी घरं सरहद्दीपलीकडच्या मीरपुरातून आलेल्या लोकांची. म्हणजे इंग्लंडात मी परकी होतेच, पण त्या गल्लीत परकेपणाच्याही आत आणखी एक परकेपणा होता. बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर गोरे लोक आम्हां सगळ्यांना एकाच नजरेने बघायचे. आत गल्लीत शिरलं की मी पुन्हा वेगळी.

रमझान लागला आणि गल्लीचं घड्याळच फिरलं. सकाळी दहा वाजले तरी पडदे ओढलेले. दुपारी कोपऱ्यावरचा भाजीवाला, एरवी कोथिंबिरीची जुडी वर टाकणारा सज्जन माणूस, मिरच्या मागितल्या तरी खेकसायचा. संध्याकाळ तर व्हायचीच नाही. सहा वाजले, सात वाजले, आठ वाजले, ऊन आपलं समोरच्या धुरांड्यांवर ठाण मांडून बसलेलं. सूर्य मावळायला साडेनऊ. तोवर गल्लीतलं प्रत्येक माणूस तहानेने सुकलेलं, आणि त्या सुकलेल्या गल्लीच्या मधोमध माझ्या एकटीच्या घरात भरदुपारी कुकरच्या शिट्ट्या. शिट्टी झाली की मला चोरी करताना पकडल्यासारखं व्हायचं. मी गॅसजवळ उभी राहायची, दुसरी शिट्टी व्हायच्या आत झाकणावर फडकं टाकायची. पडदे नव्हतेच, म्हणून जिन्यात बसून जेवायची. पुण्याहून इतक्या लांब येऊन जिन्यात बसून आमटीभात खायचा, हे काही मी लग्नाच्या वेळी मनात आणलं नव्हतं.

शेजारच्या बाईंची ओळख झाली ती माझ्या शहाणपणामुळे. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या, रुंद बांध्याच्या, ओढणी डोक्यावरून कधी ढळू न देणाऱ्या. त्यांना सगळी गल्ली बाजी, म्हणजे ताई, म्हणायची, म्हणून मीही बाजीच म्हणू लागले. त्यांचा महिनाभर उपवास आहे एवढं मला कळलं होतं. योगायोगाने माझी एकादशी आली. मी म्हटलं, चला, शेजारधर्म करू या. गुजराती दुकानातून साबुदाणा आणला, दाण्याचं कूट घालून मोकळी, लुसलुशीत खिचडी केली, वर खोबरं-कोथिंबीर भुरभुरवली, आणि दुपारी बारा वाजता ती वाफाळती ताटली घेऊन बाजींच्या मागच्या दारात उभी राहिले. "उपवासाची आहे," मी माझ्या पुणेरी हिंदीत ठासून सांगितलं, "तुम्हाला चालेल." बाजींनी ताटलीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरून काय काय सरकून गेलं ते मला तेव्हा कळलं नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ताटली घेतली, वर दुसरी ताटली झाकली आणि म्हणाल्या, "शुक्रिया. शाम को." साडेनऊनंतर माझी ताटली परत आली, तिच्यात भजी, फळांच्या फोडी आणि तीन खजूर. ह्यांना दुसऱ्या दिवशी हा सगळा प्रकार सांगितला, तर हे हसून हसून खुर्चीतून पडायचे राहिले. "अगं, त्यांच्या उपवासाला पाणीसुद्धा नाही चालत! आणि तू भर दुपारी साबुदाणा घेऊन गेलीस?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पुढचे दोन दिवस मी अंगणात कपडे वाळत घालायलासुद्धा गेले नाही.

तिसऱ्या दिवशी कुंपणावरून हाक आली. "तुम्हारा रोज़ा तो नहीं है ना? तो अंदर आओ, ज़रा नमक देखो." मी गेले. ओट्यावर छोल्यांचं मोठं पातेलं रटरटत होतं. बाजींनी पळीने थोडा रस वाटीत काढला, फुंकर घालून माझ्यासमोर धरला आणि माझ्या तोंडाकडे अशा बघत राहिल्या जशी मी परीक्षक आणि त्या परीक्षार्थी. रोजा धरलेल्या बाईने दिवसभर घरच्या दहा माणसांचं रांधायचं आणि जिभेवर एक थेंब ठेवायचा नाही. मीठ सगळं अंदाजाने. काही जणी जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकतात म्हणे, पण बाजींना ते पटत नसे. इतकी वर्षं अंदाजावरच चाललं होतं, आणि आदल्याच दिवशी डाळ खारट झाली म्हणून त्यांच्या यजमानांनी ताट सरकवलं होतं. आणि आता भिंतीपलीकडे देवाने एक बिनउपवासाची जीभ पाठवून दिली होती. मी चाखलं. "चिमूटभर हवंय," म्हटलं. त्यांनी घातलं. पुन्हा चाखलं. "आता बरोबर." बाजी हसल्या. त्या गल्लीत माझ्याकडे बघून हसलेलं ते पहिलं माणूस.

मग ते रोजचंच झालं. दुपार कलली की माझे कान कुंपणाकडे. हाक जरा उशिरा आली तर मी उगाचच मागचं दार उघडून उभी राहायची. पुढे पुढे दोन घरं सोडूनही झाकलेल्या वाट्या यायला लागल्या, आणि मी त्या गल्लीची मीठ बघणारी झाले. सगळंच काही सुरळीत होतं असं नाही. माझी जीभ पडली गुळाच्या आमटीची. पहिल्या आठवड्यातच मी छोल्यांत थोडी साखर घाला असं सुचवलं, तेव्हा बाजींनी मी त्यांना चहात हळद घालायला सांगितल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. पण शेवटच्या आठवड्यात त्या माझ्या नकळत छोल्यांत चिमूटभर साखर टाकताना मला दिसल्या, आणि मी काही न बघितल्यासारखं केलं. मांसाचं तर मी त्यांना कधी बोललेच नाही. पण एकदा हंडीचं झाकण उघडलं तेव्हा माझी नजर भिंतीकडे वळलेली त्यांनी पाहिली असावी. दुसऱ्या दिवसापासून मसाला परतून रस तयार झाला की आधी मला हाक, मी मीठ सांगायचं, मी माझ्या घरात गेले की मग हंडीत मांस पडायचं. ह्यावर आमच्यात एका अक्षराचं बोलणं झालं नाही.

पण ह्यामुळे मी तिथे रमले असं कुणी समजू नये. तो दुपारचा अर्धा तास सोडला तर मी त्या घरात पिंजऱ्यातल्या जनावरासारखी येरझारा घालत होते. फोन वाजला की हे नसणार. दार वाजलं की दुधाचं बिल. मी एक दिवस ह्यांना स्पष्ट सांगितलं, "अहो, मला नाही राहायचं इथे. मी पुण्याला जाते. तुम्हाला यायचं तेव्हा या." हे ऑन-कॉल करून आले होते, डोळे तांबारलेले. त्यांनी वाद घातला नाही, हेच मला अधिक लागलं. "ठीक आहे, ट्रॅव्हल एजंटला विचारतो. कधीचं बुक करू?" म्हणाले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ईद झाली की." ह्यांनी बूट काढता काढता वर पाहिलं. "तू कधीपासून ईद पाळायला लागलीस?" मी काय सांगणार? की शेजारच्या छोल्यांत मीठ बघणारं दुसरं कुणी नाही म्हणून माझं जाणं अडलंय? माझ्या जाण्याने ह्या देशात काही बिघडणार होतं तर तेवढंच. आणि मला ते तेवढं तरी बिघडायला हवं होतं, हे आज कबूल करायला हरकत नाही.

ईद कधी, हेही कुणाला नक्की माहीत नव्हतं. चंद्र दिसला तर उद्या, नाही तर परवा; आणि बर्मिंगहॅमच्या आभाळात चंद्र दिसायचा म्हणजे आधी आभाळ दिसायला हवं. गल्लीच्या ह्या टोकाची मशीद म्हणे सोमवार, त्या टोकाची म्हणे मंगळवार. कुणाच्या तरी मामेभावाने ब्रॅडफर्डहून फोन करून तिसरंच काही सांगितलं. ह्यांनी एजंटला दोनदा तारीख बदलायला लावली. तो बिचारा इंग्रज, चंद्र दिसल्यावर कळवतो म्हटल्यावर त्याने ते वाक्य पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

शेवटी गल्लीने मंगळवार धरला. सोमवारी दुपारी मी मीठ बघायला गेले तेव्हा बाजी जमिनीवर बसून शेवयांसाठी बदाम चिरत होत्या. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की मी जाते आहे, कायमची, आणि आता उद्यापासून नाहीच. त्या आता उठतील, माझा हात धरतील, रह जाओ म्हणतील, अशी माझी खात्रीच होती. उत्तर काय द्यायचं तेही मी रात्रभर घोळवून ठेवलं होतं. बाजींचा चाकू थांबला नाही.

"घर है वहाँ?"

"हो, आईवडिलांचं आहे."

"सूखा है?"

मला कळलं नाही. मग त्यांनी चाकू खाली ठेवला आणि सांगितलं. त्यांचं गाव धरणात गेलं. घर, विहीर, शेत, आईची कबर, सगळं पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की भिंतींची टोकं वर येतात म्हणे, आणि नातेवाईक नावेतून जाऊन बघून येतात, हे आपलं दार, ही आपली भिंत. मग पाणी चढतं आणि पुन्हा काही नाही. त्यांच्या यजमानांनी गेली वीस वर्षं दर वर्षी, पुढच्या वर्षी परत जाऊ, असं म्हटलं होतं; कुठे, ते दोघांनाही माहीत नव्हतं. हे सगळं त्यांनी भाजीचा भाव सांगावा तशा सुरात सांगितलं. आणि पुन्हा चाकू उचलून म्हणाल्या, "तुम्हारा घर तो सूखा है. जाओ."

बस, एवढंच. आज मला त्या 'जाओ'मध्ये काय काय होतं ते दिसतं, तेव्हा दिसलं नाही. तेव्हा मला राग आला, अगदी डोक्यात गेला. इतके दिवस दुपारच्या हाकेला धावले, आणि ह्या बाई एकदाही थांब म्हणाल्या नाहीत. उद्या ईद, मिठाची गरज संपली, म्हणून मीही संपले. मिठापुरती होते मी त्यांना, दुसरं काय! विमानात बसेपर्यंत मी हे वाक्य चघळत होते.

पुण्यात घर कोरडंच होतं, ठणठणीत होतं. आईने माझ्या आवडीचं सगळं केलं. पण माझ्या खोलीत आता वहिनीचं शिवणयंत्र होतं, ते रोज रात्री माझ्यासाठी हलवायचं आणि सकाळी जागेवर आणायचं, आणि येईल तो माणूस दारातच विचारायचा, "काय, परत कधी?" गंमत बघा, इंग्लंडात भेटेल ते माणूसही मला हेच विचारायचं. जिथे जावं तिथे लोकांना माझ्या जाण्याचीच काळजी. आईने थांब म्हटलं नाही. लग्न झालेल्या मुलीला थांब म्हणायची आपल्याकडे रीत नाही. बाबा म्हणाले, "जावयांचे जेवणाचे हाल होत असतील." हे खरं होतं, पण मला त्या वेळी जावयांच्या जेवणाचं काही पडलं नव्हतं. दिवाळीच्या आधीच मी परतीच्या विमानात होते. बाजींनी मला अंगणात पाहिलं, "आ गई?" म्हणाल्या, आणि कपडे वाळत घालत राहिल्या. झालं स्वागत.

मग आमची बिऱ्हाडं हलत गेली. बर्मिंगहॅम सुटलं, बेसिंगस्टोक झालं, मुलगी झाली, हाउन्सलो आलं. मी पडदे विकत घेऊ लागले. आणि दर वर्षी तो रमझानचा महिना दहा-अकरा दिवसांनी आमच्यासारखाच मुक्काम हलवत राहिला. जूनमधला मेमध्ये, मेमधला एप्रिलमध्ये, असा मागे मागे सरकत आता ऐन हिवाळ्यात येऊन ठेपलाय. आपल्या पंचांगवाल्यांनी कसं, अधिक महिना घालून घालून सणांना ऋतूंच्या दावणीला पक्कं बांधून टाकलंय. दिवाळी म्हणजे थंडीची चाहूल, गुढीपाडवा म्हणजे कैऱ्या. त्यांना हलायची सोय नाही. ह्या महिन्याला कुणी बांधलेलंच नाही. तो सगळ्या ऋतूंच्या घरांतून पाहुण्यासारखा राहून जातो आणि कुठल्याच घराला माझं म्हणत नाही. मला त्याच्याबद्दल एक विचित्र आपुलकी वाटत आली आहे. बाजींना मी ईदेला फोन करायची, त्या मला दिवाळीला करायच्या. मुलंबाळं, गुडघे, हवा. दोन-तीन मिनिटं. मनातली ती अढी मी कधी बोलून दाखवली नाही, आणि ती गेलीही नाही.

बसमधल्या त्या प्रसंगानंतर मात्र मला राहवेना. काल रविवार होता, दुपारी खोक्यांच्या मधोमध बसून मी बर्मिंगहॅमला फोन लावला. बाजींनीच उचलला. आवाज पिचला होता. साखर फार वाढलीये, दिवसातून दोनदा सुई घ्यावी लागते, आणि मागच्या वर्षापासून डॉक्टरने रोजा बंद केलाय, हे त्यांनी घरातलं कुणी गेल्याचं सांगावं तसं हळू आवाजात सांगितलं. सुना रोजा धरतात, बाजी रांधतात. म्हणजे मीठ आता त्या स्वतःच बघतात. मी म्हटलं, "बाजी, आम्ही परत चाललो. ह्या वेळी खरंच. पुण्याला फ्लॅट घेतलाय." आणि मन घट्ट करून बसले, ते 'जाओ' मला पाठच होतं.

पलीकडे पातेल्यावर झाकण सरकवल्याचा आवाज आला.

"कब?"

मी तारीख सांगितली.

"ईद से पहले?"

"हो."

"नहीं," बाजी म्हणाल्या. विनवणी नाही, काही नाही. मोठ्या बहिणीने धाकटीला सांगावं तसं. "ईद करके जाना. यहाँ आओ. बच्ची को भी लाओ."

त्यांना आता माझ्या जिभेची काहीसुद्धा गरज नव्हती. त्या घरात माझं कुठलंच काम उरलं नव्हतं. तरी त्या मला थांब म्हणत होत्या. मी हो म्हटलं की नाही तेही आठवत नाही. फोन ठेवला तेव्हा मुलगी दारात उभी होती. इथेच जन्मलेली, तिचं मराठी तिच्या पद्धतीचं. "आई, कोणाची फोन होती? तू का रडतो?" मी तिला जवळ घेतलं आणि म्हटलं, आपण बर्मिंगहॅमला जायचंय, एका मावशीकडे. तिने विचारलं, ती आपली कोण लागते? मी पुन्हा मावशीच म्हटलं.

ह्यांनी आज तिकिटं पुढे ढकलून आणली. का म्हणून त्यांनी विचारलं नाही. तगमग थांबली का? नाही थांबली. पुण्यात गेल्यावरही थांबेल असं मला वाटत नाही. तिथे ह्या घराच्या खिडक्या आठवतील, आणि मुलगी रात्री झोपेत इंग्रजी बोलेल. जायचं तर आहेच. आजवर जेवढ्या जागा सोडल्या त्या सगळ्या रिकाम्या मनाने सोडल्या, कारण कुठेच कुणी अडवलं नाही. थांब म्हणणारं माणूस मागे ठेवून निघायचं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच होतंय.